दोन ओळींचा मेन आणि हॉपरबाई

मित्रांनो, जावामधला एखादा मोठा वेब प्रोजेक्ट कधी उघडून बघितलाय? अजून नसेल तर थर्ड इयरला गेल्यावर बघालच. शेकडो फाइल्स असतात. त्यातली नेमकी कुठली फाइल सगळ्यात आधी चालते हे शोधत गेलं की शेवटी सापडतो एक छोटासा क्लास. त्यात मेन मेथड आणि मेनच्या पोटात एखाद-दुसरी ओळ. बस्स! लॉगिन कुठे आहे? डेटाबेसचं कनेक्शन कोण जोडतं? एरर आली तर तिची नोंद कोण ठेवतं? यातलं काहीच त्या क्लासमध्ये नसतं. ती ओळ एवढंच सांगते की सगळ्यांसाठी मिळून जो प्लॅटफॉर्म बांधलेला आहे तो सुरू कर आणि माझं ॲप्लिकेशन त्यावर चढव. एका कंपनीत पगाराचं, रजेचं आणि स्टोअरचं अशी तीन ॲप्लिकेशन्स असली तर तिन्हींचे मेन असेच बारीक असतात. खालचा प्लॅटफॉर्म मात्र एकच.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा काय प्रोग्राम झाला? सगळं काम तर दुसऱ्यानेच केलंय! पण गंमत अशी की हा आक्षेप अजिबात नवीन नाही. सुमारे सत्तर वर्षांपूर्वी त्या काळचे भले भले प्रोग्रामर हेच म्हणत होते, आणि एक बाई त्यांच्याशी भांडत होत्या. त्यांचं नाव ग्रेस हॉपर. जनरल नॉलेजच्या पुस्तकात "कोबोलची आई" एवढ्या दोन शब्दांत त्यांना गुंडाळलेलं असतं. जास्तीत जास्त कॉम्प्युटरमध्ये सापडलेल्या पतंगाची गोष्ट. पण आज आपण दोन ओळींचा मेन लिहून चहाला जाऊ शकतो, त्यामागे या बाईंच्या आयुष्यातली बरीच वर्षं खर्ची पडलेली आहेत.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्क शहरातला. तीन भावंडांत ती थोरली. वडील विम्याच्या धंद्यात होते. त्यांना आजारपणात पाय गमवावे लागले होते, त्यामुळे आपल्या मुलींनीही मुलाइतकंच शिकावं आणि स्वतःच्या पायावर उभं राहावं असा त्यांचा आग्रह होता. ग्रेस सात वर्षांची असताना सुट्टीत तिने घरातलं गजराचं घड्याळ उघडलं, कसं चालतं ते बघायला. ते परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. मग तिसरं. अशी घरातली सातही घड्याळं खोलून झाल्यावर आईच्या लक्षात आलं. आईने मारलं नाही, फक्त यापुढे एकच घड्याळ खोलायचं अशी अट घातली. आपल्याकडे असं झालं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हीच ठरवा!

१९२८ मध्ये व्हॅसार कॉलेजातून गणित आणि फिजिक्स घेऊन ती पदवीधर झाली. येल विद्यापीठातून १९३० मध्ये एम. ए. आणि १९३४ मध्ये गणितात पीएच. डी. केली. त्या काळात गणितात डॉक्टरेट मिळवणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असत. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि मरेची हॉपर झाली. व्हॅसारमध्ये नोकरी लागली आणि १९४१ पर्यंत बाई असोसिएट प्रोफेसर झाल्या. आयुष्य सरळ रेषेत चाललं होतं.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. हॉपरबाईंचे पणजोबा नौदलात अॅडमिरल होते. बाईंनाही नौदलातच जायचं होतं. पण वय जास्त भरलं आणि वजन ठरलेल्या मापापेक्षा सुमारे १५ पौंड कमी. शिवाय गणिताचे शिक्षक युद्धकाळात कॉलेजातच हवेत असं सरकारचं म्हणणं. बाईंनी पिच्छा सोडला नाही. खास परवानगी मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्याच. ट्रेनिंगमध्ये पहिल्या आल्या. जुलै १९४४ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठवलं गेलं. तिथे हॉवर्ड आयकेन यांच्या हाताखाली मार्क-१ नावाचं यंत्र चालत होतं.

हे यंत्र म्हणजे ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच असं धूड. वजन जवळजवळ पाच टन. एका सेकंदात तीन बेरजा आणि एका गुणाकाराला सुमारे सहा सेकंद. आज आपला साधा मोबाइल यापेक्षा किती पटीने वेगवान आहे याचा हिशोब करण्यात अर्थ नाही. प्रोग्राम म्हणजे कागदाची लांब पट्टी. तिच्यावर भोकं पाडायची आणि ती यंत्रातून फिरवायची. हातात कुठलंही पुस्तक नव्हतं, कारण या यंत्राचं पुस्तकच अस्तित्वात नव्हतं. ते पुढे बाईंनीच लिहिलं. १९४६ मध्ये छापलेलं हे मॅन्युअल ५६१ पानांचं आहे.

आता इथे जरा थांबू या, कारण आपल्या दोन ओळींच्या मेनची गोष्ट इथेच सुरू होते. मार्क-१ वर काम करणाऱ्या हॉपरबाई, रिचर्ड ब्लॉक, रॉबर्ट कॅम्पबेल या मंडळींना एक गोष्ट लवकरच कळली. प्रत्येक नव्या गणितात काही तुकडे पुन्हा पुन्हा येतात. कुठे साइन काढायचा असतो, कुठे वर्गमूळ, कुठे लॉगॅरिदम. दर वेळी नव्याने कोण लिहिणार? म्हणून प्रत्येकाने वहीत चाललेले, तपासलेले तुकडे लिहून ठेवले. गरज पडली की दुसऱ्याची वही मागायची आणि त्यातून उतरवून घ्यायचं. म्हणजे आपण हॉस्टेलवर असाइनमेंटचं करतो तसंच, फक्त यांचं काम युद्धाचं होतं.

पण उतरवून घेण्यात दोन भानगडी होत्या. एक म्हणजे माणूस उतरवताना चुकतो. हाताने लिहिताना एका चिन्हाचं दुसरं कधी होतं ते कळतही नाही. दुसरी भानगड जास्त चिवट, आणि ती पुढे मेमरीतच प्रोग्राम ठेवणाऱ्या यंत्रांवर खरी जाणवली. वहीतला तुकडा असा लिहिलेला असतो की जणू तो मेमरीच्या पहिल्या घरापासून सुरू होणार आहे. तुमच्या प्रोग्राममध्ये तो मधेच कुठेतरी बसतो. मग त्यातल्या प्रत्येक पत्त्यात तेवढा आकडा मिळवावा लागतो. अशा शेकडो बेरजा हाताने करायच्या म्हणजे चुका आल्याच. बाईंच्या लक्षात आलं की प्रोग्रामर लोक चांगले नकलाकारही नसतात आणि बेरजाही धड करत नाहीत. आणि ज्या यंत्रासमोर ते बसलेत त्याला नेमक्या याच दोन गोष्टी उत्तम जमतात, नक्कल आणि बेरीज! मग हे काम यंत्रालाच का देऊ नये?

हा प्रश्न सुचायला आणि त्यावर काम करायला मिळायला मधे काही वर्षं गेली, आणि ती चांगली गेली नाहीत. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. युद्ध संपल्यावर नौदलाच्या कायम सेवेत घ्या म्हणून अर्ज केला, तो वयामुळे नाकारला गेला. व्हॅसारने परत बोलावलं होतं, पण कॉम्प्युटर सोडवेना म्हणून त्या हार्वर्डलाच राहिल्या. पतंगाची प्रसिद्ध गोष्ट याच काळातली. ९ सप्टेंबर १९४७ ला मार्क-२ च्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला आणि टीमने तो लॉगबुकमध्ये चिकटवून ठेवला. बग हा शब्द त्याआधीपासून इंजिनिअर लोक वापरत होते, म्हणून तर त्यांना त्यात विनोद दिसला. बाईंनी ही गोष्ट पुढे इतक्या वेळा रंगवून सांगितली की शब्दही त्यांच्याच नावावर लागला. हार्वर्डमध्ये बायकांना कायमची नोकरी मिळणार नव्हती, ती मुदत १९४९ मध्ये संपली. या दिवसांत त्यांना दारूच्या व्यसनाशीही झगडावं लागलं. मोठ्या माणसांच्या चरित्रात हे भाग गाळतात, पण मला वाटतं ते राहू द्यावेत. चाळिशी ओलांडलेली, नोकरी गेलेली, एकटी बाई त्यातून उठून पुढचं काम करते, हे माहीत असलं म्हणजे पुढच्या कामाची किंमत कळते.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत रुजू झाल्या. ही कंपनी युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर बनवत होती. पुढच्याच वर्षी तिला रेमिंग्टन रँडने विकत घेतलं आणि १९५१ मध्ये पहिला युनिव्हॅक अमेरिकेच्या जनगणना खात्याकडे गेला. त्याच्या मेमरीत फक्त एक हजार शब्द मावत, पण माहिती साठवायला चुंबकीय टेप होती. बाईंनी वहीतले ते तुकडे या टेपवर चढवायचं ठरवलं.

१९५१-५२ मध्ये त्यांनी जे तयार केलं त्याचं नाव ए-०. कल्पना ऐकायला सोपी आहे. प्रत्येक तपासलेल्या सबरुटीनला एक नंबर दिला आणि ती सगळी टेपवर ओळीने ठेवली. प्रोग्रामरने आता फक्त नंबरांची यादी लिहायची. अमुक नंबरचं रुटीन बोलाव, त्याला हे आकडे दे, उत्तर तिथे ठेव. ए-० ती यादी वाचायचं, टेपवरून तो तो तुकडा उचलायचं, पत्त्यांच्या बेरजा स्वतः करायचं आणि सगळे तुकडे जोडून अख्खा प्रोग्राम तयार करायचं. तुकड्यांचं संकलन करतं म्हणून त्याला कंपायलर म्हटलं गेलं. आजच्या भाषेत बोलायचं तर ए-० हे कंपायलरपेक्षा आपल्या लिंकर-लोडरच्या जास्त जवळचं होतं. आणि सबरुटीनच्या लायब्ररीची कल्पना एकट्या बाईंची नव्हती हेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये केंब्रिजला मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ले गिल यांनी एडसॅक कॉम्प्युटरसाठी अशी लायब्ररी बांधली होती आणि १९५१ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं होतं. पण प्रोग्रामरने वर थोडंसं लिहावं आणि खालचं सगळं जुळवाजुळवीचं काम यंत्राने स्वतः करावं, याचा ध्यास घेऊन बाई मागे लागल्या.

त्यातली एक अडचण आणि तिचं उत्तर मला फार आवडलं. ए-० प्रोग्राम एकाच फेरीत तयार करायचं. मागच्या तुकड्याकडे उडी मारायची असेल तर त्याचा पत्ता माहीत असतो. पण पुढे येणाऱ्या तुकड्याकडे उडी मारायची असेल तर? तो अजून मेमरीत बसलेलाच नाही, मग पत्ता कुठून आणणार? बाई कॉलेजात बास्केटबॉल खेळायच्या. तेव्हाच्या मुलींच्या नियमांत चेंडू घेऊन फार पळता येत नसे, दुसरीकडे पास द्यावा लागे आणि आपण पुढे जाऊन तो परत घ्यावा लागे. बाईंनी तेच केलं. मेमरीच्या शेवटी एक छोटा कोपरा राखून ठेवला. पुढे उडी मारायची असली की आधी त्या कोपऱ्यात उडी मारायची आणि तिथे निरोप ठेवायचा. पुढचा तुकडा आपल्या जागी बसला की त्याने आपल्यासाठी निरोप आहे का बघायचं, आणि असेल तर कोपऱ्यातून स्वतःकडे येणारी दुसरी उडी लिहून टाकायची. संपला प्रश्न! डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरला यासाठी निदान आठ मार्क तरी द्यायला हवेत.

मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत बाईंनी यावर पेपर वाचला. लोकांनी उचलून धरलं असेल असं वाटतं ना? उलट झालं. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम कसा लिहील, असंच बहुतेकांचं मत. बाईंकडे चालणारा कंपायलर होता आणि लोक तो शक्यच नाही असं सांगत होते. यात अडाणीपणा नव्हता, खरं भांडण वेगळंच होतं. तेव्हाचे प्रोग्रामर म्हणजे एखाद्या देवळातल्या पुजाऱ्यांसारखे. यंत्राची भाषा फक्त त्यांना येणार आणि एकेक जागा वाचवण्याची कसरत तेच करणार. यादी लिहून प्रोग्राम होत असेल तर त्यांची विद्या कुठे राहिली? शिवाय एक रास्त शंकाही होती. यंत्राने जोडलेला प्रोग्राम हाताने घासूनपुसून लिहिलेल्यापेक्षा हळू चालणार, आणि यंत्राचा एकेक तास तेव्हा फार महाग होता. बाईंचं म्हणणं असं की यंत्र स्वस्त होत जाईल, माणूस नाही. पुढे तेच खरं ठरलं.

१९५३ मध्ये ए-२ आलं. ते ग्राहकांना सोर्ससकट दिलं गेलं आणि काही सुधारणा केल्या तर आम्हालाही कळवा असं सांगितलं गेलं. ओपन सोर्स हा शब्द यायच्या कितीतरी आधी!

मग बाईंनी आणखी वर नजर टाकली. गणिताचे लोक चिन्हांवर खूष असतात, पण पगारपत्रक आणि मालाचा साठा सांभाळणाऱ्या माणसाला चिन्हं नको असतात. त्याला साध्या इंग्रजी वाक्यात सांगता आलं पाहिजे. हे दाखवायला त्यांच्या टीमने एक छोटा नमुना बनवला. आणि मशीनला इंग्रजी शब्द म्हणजे शेवटी नुसती अक्षरं, हे पटवायला तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. पण डाव उलटला. अमेरिकेत बनलेल्या कॉम्प्युटरला फ्रेंच आणि जर्मन कसं समजेल म्हणून साहेब लोकच बिथरले. फक्त इंग्रजीच चालवू असं कबूल करून बाईंना पुढे जावं लागलं. ज्यांची सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये गेली त्या माझ्यासारख्यांनी ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. आपल्याला कॉम्प्युटर म्हणजे इंग्रजीच वाटतं, पण मशीनला तसं काही वाटत नाही.

यातून फ्लो-मॅटिक ही भाषा झाली आणि १९५८ पर्यंत ग्राहकांच्या हाती गेली. तोवर प्रत्येक कंपनी स्वतःची भाषा काढू लागली होती. एका कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालेना. मेरी हॉज यांनी सर्वांसाठी एक भाषा हवी असा विषय काढला आणि मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटॅगॉनमध्ये बैठक झाली. तिथून कोबोल जन्माला आली. भाषा प्रत्यक्ष लिहिणाऱ्या समितीत जीन सॅमेट आणि इतर लोक होते. हॉपरबाई सल्लागार होत्या, पण पाया बराचसा फ्लो-मॅटिकचा होता. समितीतल्या एकाने वैतागून चक्क कोबोलच्या नावाची दगडी समाधी बनवून पाठवली होती, इतकी ही भाषा जगेल यावर लोकांचा विश्वास नव्हता!

कोबोलमधली एक सोय आजही शिकण्यासारखी आहे. प्रोग्रामचे चार भाग केलेले असतात. त्यातल्या एका वेगळ्या भागात फक्त यंत्राची माहिती लिहायची, म्हणजे कुठला कॉम्प्युटर, कुठली फाइल कुठल्या उपकरणावर. यंत्र बदललं की मुख्यतः हा भाग बदलायचा, कामाचा भाग तसाच ठेवायचा. आपण आज प्लॅटफॉर्मच्या सेटिंग्ज वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि मेनला हात लावत नाही, तोच हा विचार. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम आरसीए आणि रेमिंग्टन रँड अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवला गेला. जावाने हेच वचन १९९५ मध्ये दिलं, म्हणजे ३५ वर्षांनी.

वर बारीक आणि खाली सामाईक, हे ठीक आहे. पण खालच्या सामाईक भागाची जबाबदारी कोणाची? हा प्रश्नही बाईंनी सोडला नाही. १९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना निवृत्त केलं. पण नौदलातल्या वेगवेगळ्या कॉम्प्युटरांवरच्या कोबोल एकमेकींशी जुळेनात, तेव्हा १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने लांबत लांबत जवळजवळ एकोणीस वर्षांचे झाले. बाईंच्या टीमने कंपायलर तपासायचे प्रोग्राम बनवले. विकणारा काहीही म्हणो, परीक्षेत पास झाला तरच तो कोबोल. ही पद्धत पुढे इतर सरकारी खात्यांनीही घेतली. हे काम पतंगाच्या गोष्टीसारखं रंगतदार नाही, पण सगळे ज्याच्यावर उभे राहणार ते रोज तपासावं लागतं, हे त्यातून शिकावं.

त्या गावोगाव भाषणं देत. जाताना सोबत ३० सेंटीमीटर लांबीच्या तारेचे तुकडे नेत आणि मुलांना वाटत. प्रकाश एका नॅनोसेकंदात एवढंच अंतर जातो, तेव्हा वेळ वाया घालवू नका! ऑफिसात त्यांचं घड्याळ उलटं फिरायचं. नेहमी असंच करत आलोय हे उत्तर त्यांना चालत नसे, त्याची ती आठवण. १४ ऑगस्ट १९८६ ला वयाच्या ७९ व्या वर्षी रिअर अॅडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा नौदलात कामावर असलेल्या अधिकाऱ्यांत त्या सर्वात वयस्क होत्या. त्यानंतरही डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून कामाला लागल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांना लष्करी इतमामाने निरोप दिला गेला. पुढे नौदलाच्या एका युद्धनौकेला त्यांचं नाव मिळालं आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मरणोत्तर दिला गेला.

त्यांच्या कामाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. जुन्या प्रोग्राममध्ये जागा वाचवायला वर्षाचे दोनच आकडे ठेवलेले असत. २००० साल जवळ आलं तसं ते सगळं दुरुस्त करायला माणसं हवी होती. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या कित्येक मुलामुलींनी कोबोल शिकून हे काम केलं, आणि भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना परदेशात ओळख मिळण्यात या कामाचा मोठा वाटा आहे. यात एक इशाराही आहे. सामाईक जागेत घेतलेला एक छोटा निर्णय चाळीस वर्षांनी सगळ्या जगाला भोवू शकतो.

तेव्हा मित्रांनो, दोन ओळींच्या मेनला हसू नका आणि त्यामुळे हिरमुसूही नका. त्या ओळींत आपण म्हणतो की खालचं काम कोणीतरी नीट केलंय, तपासलंय, आणि माझा त्याच्यावर भरवसा आहे. इंजिनिअर झाल्यावर आपल्यातले काही जण वरचा मेन लिहितील, काही जण खालचा प्लॅटफॉर्म. खालचं काम कोणाला दिसत नाही, त्याचं कौतुकही फार होत नाही. ते वाट्याला आलं तर हॉपरबाईंच्या वहीतले ते तुकडे आठवा आणि उघडलेलं घड्याळ परत जुळल्याशिवाय उठू नका.